दोन माणसांची सावड

लेकाचं, सुनीलचं, तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा कांद्याच्या रोपाकडं गेली.

रोप नुसतं वर गेलं होतं. शेंडे पिवळे पडून वाकायला लागले होते. दसऱ्यानंतर सुनीलनंच गुडघ्यावर बसून बी टाकलं होतं. मनकर्णानं एक रोप उपटलं, माती झटकली, मान बोटांत धरून बघितली. जून झालं होतं. आणखी आठवडाभर वाफ्यातच राहिलं तर सगळ्याला डेंगळे, फुलांचे दांडे येणार, कांदा धरणारच नाही. आता काळजी वाटायला पाहिजे, एवढं तिला कळत होतं. वाटत मात्र नव्हती.

मिरजगावच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापड नाही. सुनील दिवस मावळल्यावर कर्जतहून मोटारसायकलवर येत होता. झालं ते एवढंच. त्या दिवसापासून मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. सावडायच्या दिवशी बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हा ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं काही मेलं ते त्यांचंच माणूस.

रोप हातात तसंच धरून ती बनुबाईच्या वस्तीवर गेली.

खालच्या अंगाच्या सगळ्या वस्त्यांची सावड बनुबाई बघायची. आज हिच्या रानात सगळ्यांनी लागण करायची, उद्या तिच्या. रोजानं बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या तर परवडत नव्हत्या. म्हणून घरटी दोन माणसं धरून पाळी लावलेली. मनकर्णा नि तिची सून दिवाळीआधी खुरपणीला बनुबाईच्या रानात जाऊन आल्या होत्या.

"ये, बस. च्या टाकते," बनुबाई म्हणाली.

"च्या नको. रोप बघ हे. माजी पाळी कवा धरली?"

बनुबाईनं रोप हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. शेजारची राजेश्वरी विरजण न्यायला आली होती. ती वाटी घेऊन दारातच थांबली.

"मनाला लावून घिऊ नको मनकर्णा," बनुबाई म्हणाली. "तुज्या खुरपनीची फेड आमी करू. दोन बाया एक दीस यीऊ. पन दीड एकराला दोन बायांनी काय हुतंय? आन् सावडीत घरटी दोन मानसं लागत्यात. तू एकली."

"सून हाय की."

बनुबाई विरजणाचं भांडं झाकायला वळली. राजेश्वरीच बोलली, "ती जानार हाय म्हनं ना काकू? तुमचं दीर, रंगनाथ काका सांगत हुते. मंग आमी तुमच्यात लावू लागायचं, आन् फेडायला कोन येनार?"

यात वावगं काही नव्हतं. राजेश्वरीच्या जागी मनकर्णा असती तर तीही हेच म्हणाली असती, आणि जरा कडकच म्हणाली असती. ती उठली. पायऱ्या उतरताना मागून बनुबाईनं पुन्हा चहाचं विचारलं. तिनं न ऐकल्यासारखं केलं.

घरी आली तेव्हा सुनेनं अंगण झाडून धार काढून ठेवली होती. "आत्या, पानी तापला," ती म्हणाली. तिचं मराठी असंच. पाणी तापला, भाकरी झाला, मी गेला. ती ओडिशातली, बलांगीरकडची. पस्तिशी उलटली तरी सुनीलला इकडं पोरगी मिळेना. कुणाला नोकरीवाला पाहिजे, कुणाला पुण्यात फ्लॅट पाहिजे. शेजारच्या गावातल्या एकानं तिकडून बायको केली होती, तिच्या ओळखीनं हे जमलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं 'स्नेहल' असं नाव लिहिलं, तेव्हापासून ती स्नेहल. गावात मात्र तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. सुनीलची बायको म्हणायचे, नाहीतर तिकडची.

"डबा बांध," मनकर्णा म्हणाली. "लागनीला जायचंय."

"कोण येतो?"

"कोन न्हाई. आपुन दोघी."

त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. तिचा नवरा बन्सी दहाच्या आधीच खोरं घेऊन विहिरीवर जाऊन बसला. लाईट आली, मोटर चालू झाली, वाफ्यात पाणी शिरलं. पौषातलं पाणी ते. दोघी साड्या खोचून चिखलात उकिडव्या बसल्या. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक रोप दाबत मागं सरकायचं. थोड्याच वेळात बोटं बधिर झाली. पुढं तर रोप बोटात आहे की सुटलं, हे बघितल्याशिवाय कळेना. मनकर्णाला ते बरं वाटलं. हातपण आता बाकीच्या अंगासारखेच झाले.

अर्धा वाफा झाल्यावर तिच्या लक्षात आलं. सून रोप पार गळ्यापर्यंत चिखलात खुपसत होती. भात लावायची सवय ती. कांद्याचा गळा असा दाबला की तो पोसत नाही. गेल्या साली सावडीत बाकीच्या बायांनी हे बघितलं होतं, आपसात हसल्या होत्या आणि तिला कडेचं रान दिलं होतं. सांगितलं कुणीच नव्हतं. मनकर्णानंही नाही. आताही ती काही बोलली नाही. सून पुढं सरकली की तिनं लावलेलं उपटायचं, वर घेऊन पुन्हा लावायचं. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा उपटणं सोपं होतं.

सुनेनं एकदा मान वळवून बघितलं. "काढता का?"

"काय न्हाई. चल फुडं."

उन्हं चढल्यावर बांधावर रंगनाथ येऊन उभा राहिला. बन्सीचा धाकटा भाऊ. त्याचं रान यांच्या रानाला लागूनच होतं. गळ्यातला रुमाल सोडून त्यानं तोंड पुसलं.

"वैनी, तिच्या भावासंग बोललो मी. रईवारी दौंडवरनं गाडी हाय. तिकीट काढायला लावलंय. टेशनापर्यंत मी सोडतो जीपनं."

मनकर्णा लावत राहिली.

"लेकरू न्हाई, बाळ न्हाई. तरनीताठी पोर हाय. आपल्या गावात तिचं कोन हाय सांग बरं? उद्या कायबाय झालं तर निस्तरायचं कुनी? दादाला आता झेपनार हाय का?" त्यानं पाटाच्या दाऱ्यावर उभ्या असलेल्या बन्सीकडं बघितलं. बन्सी खोऱ्यानं चिखल ओढून एक दारं बुजवत होता.

"कांदा लागू दे," मनकर्णा म्हणाली.

"कांद्याचं माजी पोरं बघत्याल की. वाट्यानं करत्याल. तू कशाला जिवाला घोर लावून घेती?"

हे सगळं सुनेपासून दोन हातांवर चाललं होतं. तिला मराठी धड बोलता येत नव्हतं, समजत सगळं होतं. तिचे हात थांबले नाहीत. फक्त रोप आणखी खोल गेलं, आणखी खोल, शेंडाच तेवढा वर राहिला.

रंगनाथ गेल्यावर बन्सीनं लांबूनच विचारलं, "काय म्हनत हुता?"

"काय न्हाई. रईवारचं."

"मोटर बंद करू का? जेवून घ्या."

लिंबाखाली तिघं बसली. बन्सी एका भाकरीवर उठला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला. सून हातावरची भाकरी न मोडता बसली होती.

"आत्या, कपडा सगळा घेऊ का थोडा?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"रविवारी. त्यानं दिलेला साडी पण घेऊ?"

मनकर्णाच्या तोंडात घास होता. तो तिनं गिळला. मग तिनं विचारलं, "तुला जायाचंय का?"

सुनेनं तिच्याकडं बघितलं. प्रश्न नीट कळला की नाही, असं बघत होती. मनकर्णानं पुन्हा विचारलं, जरा सावकाश. "जायाचंय? का ऱ्हायाचंय?"

"भाऊचा घर एक खोली," सून म्हणाली. "वहिनी, तीन मुलगा. पाऊस संपला की सगळा भट्टीवर जातो, आंध्राकडं. वीटभट्टी. मी लहान होता तेव्हा पण जायचा. आता गेला तर मला पण जावा लागेल."

"मंग?"

"जाईन. भट्टीवर पण खायला मिळतो. मरत नाही." ती म्हणाली. "तिथं नाव पण नाही विचारत कोणी. ईट संपला, गाव सोड."

"आन् हितं?"

सुनेनं भाकरी दुसऱ्या हातावर घेतली. "इथं ते विचारायचा. जेवला का. थंडी वाजतो का." मग म्हणाली, "तुम्ही आज विचारला. पहिला वेळ."

ओरडून बोलली असती तर मनकर्णाला सोपं गेलं असतं. ती साधं बोलली, पाणी तापला म्हणावं तसं. मनकर्णानं काही बोलावं म्हणून तोंड उघडलं. 'ऱ्हा' असा शब्द होता, तो काही बाहेर येईना. दोन वर्षांत या पोरीला तिनं कामं सांगितली होती, बाकी काही सांगितलं नव्हतं. एकदा सुनेनं रात्रीच्या भातात पाणी घालून आंबवून ठेवलं होतं, त्यांच्याकडं खातात तसं. मनकर्णानं ते शिळं म्हणून म्हशीच्या आंबोणात ओतलं होतं. सून बघत उभी होती.

तिनं बाजूला पडलेलं एक रोप उचललं.

"हिकडं बग. दोन बोटं. हितपर्यंतच मातीत. गळा दाबायचा न्हाई. दाबला की त्यो पोसत न्हाई. कळलं?"

"दोन बोट."

"हां. भाकर खा आदी."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीच्या रानात लागण होती. मनकर्णा सुनेला घेऊन तिथं गेली. बोलावलेलं नव्हतं. बाया नुकत्याच वाफ्यात उतरल्या होत्या, मोबाईलवर कसलं तरी गाणं लागलं होतं. या दोघी बांधावर आल्या तशी कुणीतरी ते बंद केलं.

"काकू, मी तुमाला सांगितलं न्हवतं," राजेश्वरी अवघडून म्हणाली.

"म्हाईत हाय. कुठनं धरू?"

कुणी जागा दाखवेना. मनकर्णाच्या कानशिलात गरम झालं. सगळ्या आयुष्यात ती कुणाच्या रानात अशी आगंतुक उभी राहिली नव्हती. तिनं चपला काढल्या.

"दोन मानसं हायेत माज्या घरची," ती म्हणाली. "ती जानार न्हाई. तिला इचारलंय मी."

सुनेनं चमकून तिच्याकडं बघितलं. बनुबाई जुडी सोडत होती, ती तशीच धरून तिनं दोघींकडं बघितलं आणि शेजारी सरकून म्हणाली, "ये हिकडं. हे दोन वाफं तुमचं."

सून दोन बोटं मोजून रोप लावत होती, म्हणून मागं पडत होती. बाकीच्या मागं सरकत शेवटाला गेल्या तरी ती अर्ध्यावर. "आत्या, रोप संपला," ती म्हणाली. तशी एक नवी लग्न झालेली पोरगी नाकात हसून म्हणाली, "संपला ग संपला, रोप आमचा संपला!" बाया हसल्या. मनकर्णानं मान वर केली नाही. असलं हसणं तिनं दोन वर्षं ऐकलं होतं, कधी कधी स्वतःही हसली होती.

"हासताय काय?" बनुबाई म्हणाली. "तुमी जावा तिच्या मुलखात आन् बोलून दावा. बगू." मग सुनेकडं वळून, "पोरी, संपलं म्हनायचं. रोप संपलं."

"संपलं."

"हां. घे ही जुडी. तुमच्याकडं काय लावत्यात ग?"

"धान. भात."

"चिखलात?"

सुनेनं उभं राहून गुडघ्याला हात लावला. "एवढा चिखल. दिवसभर पाऊस. वर पण पानी, खाली पण."

"आन् साप?" राजेश्वरीनं विचारलं.

"साप पन असतो. हातात येतो कधी."

"आगं बाई!" मघाची पोरगी म्हणाली. "मंग काय करायचं?"

"सोडायचा," सून म्हणाली. "तो पन भितो."

या वेळी बाया हसल्या त्या वेगळ्या हसल्या. नंतर बनुबाईनं तिचं माहेरचं नाव विचारलं. सुकांती, ती म्हणाली. दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा ती सवयीनं बांधाच्या कडेला जाऊन बसली. राजेश्वरीनं मिरचीचा ठेचा वाढत वाढत तिथपर्यंत जाऊन तिच्या भाकरीवर टाकला आणि म्हणाली, "हितं कशाला बसलीस उन्हात? सरक तिकडं." मनकर्णा बघत होती. छातीत काही हलेल असं तिला वाटलं. हललं नाही. भाकरीला चव नव्हतीच, तशीच ती खात राहिली.

रविवारी बाया मनकर्णाच्या रानात आल्या. सगळ्या नव्हत्या आल्या. वरच्या वस्तीवरच्या दोघींनी, दुखवट्याच्या घरी एवढ्यात नको, असा निरोप धाडला. जून रोपातलं बरंचसं टाकूनच द्यावं लागलं. बन्सीनं ते गोळा करून गोठ्यापाशी नेलं. तरी वाफे भरत चालले होते.

जीप बांधाला लागली. रंगनाथ उतरला, धुतलेला सदरा घालून.

"वैनी, तयारी न्हाई झाली व्हय? गाडी चुकंल."

मनकर्णा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाठ दुखत होती. काय बोलावं ते तिनं सकाळपासून जुळवून ठेवलं होतं, ते आता आठवेना.

बनुबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "भाऊजी, तिची पाळी लागलीय आमच्यात. आज आमी हितं लावतोय, ते ती कवा फेडनार? तिला कशी सोडू?"

"आवो, ती काय हितं ऱ्हानारी हाय का? तुमी कोन मधी बोलनार?"

"मी कोन न्हाई. मी आपली पाळी सांगते."

रंगनाथानं सुनेकडं बघितलं. ती वाफ्यात उभी राहिली होती, हातात जुडी, कोपरापर्यंत चिखल. "मी नाही जाणार, काका," ती म्हणाली. "भाऊला फोन केला मी. सांगितलं."

आता रंगनाथ बन्सीकडं वळला. "दादा, तू बोल की कायतरी."

बन्सी खोऱ्यावर रेलून उभा होता. त्यानं सगळ्या बायांकडं बघितलं, मग पलीकडच्या सरीकडं. "रंगा," तो ओरडला नाही की रागावला नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तिकडं पानी फुटलंय बग. सरक जरा." आणि भावाच्या शेजारून पुढं होऊन तो फुटलेला बांध घालायला गेला.

जीप परत गेली. रंगनाथ पुढं बरेच दिवस या घराकडं फिरकला नाही. रस्त्यात भेटला तरी मान दुसरीकडं करायचा.

सगळंच काही सुधारलं असं नाही. किराणा दुकानदार सून समोर उभी असतानाही मनकर्णालाच विचारायचा, हिला काय पायजे. संक्रांतीला त्या दोघींना कुणी बोलावलं नाही. पण पाळीचा निरोप आता सरळ सुनेच्या मोबाईलवर यायला लागला. मनकर्णा सकाळी उठायची, चूल पेटवायची, रानात जायची, यायची. रात्री आढ्याकडं बघत पडायची. कुणी विचारलं तर बरं हाय म्हणायची.

माघाच्या शेवटाला सावडीनं शेजारच्या गावातल्या एकाचं रान काढणीला घेतलं. सगळ्या टेम्पोत बसून गेल्या. मनकर्णाला कणकण होती म्हणून ती घरी राहिली. सांजेच्या आत येतो म्हणून सांगून सून गेली.

दिवस कलला. म्हशी परत आल्या. धार झाली. मनकर्णानं दिवा लावला आणि दारात येऊन उभी राहिली. टेम्पोचा आवाज नाही. तिनं फोन लावायला बन्सीला सांगितलं. फोन लागेना. वाटेवर अंधार उतरायला लागला, तशी तिची पावलं आपसूक अंगण ओलांडून गेली. लांब मोठ्या रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या घरघरत चालल्या होत्या. एक गेली. थोड्या वेळानं दुसरी गेली. बाभळीला धरून ती उभी राहिली. बन्सीनं मागून हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही.

मग वळणावर दिवे दिसले. टेम्पो खडखडत आला, वस्तीच्या तोंडाला थांबला. बाया उतरायला लागल्या. सून उतरली, डबा हातात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"कुठं मेल्ती एवढा येळ?" मनकर्णा ओरडली. सगळ्या बाया दचकल्या. "दीस मावळला कवाचा! फोन कशाला दिलाय तुला? शोभेला? हितं मानसानं काय समजायचं? जीव टांगून ठेवायचा का आमी दारात?"

"टेम्पो पंचर झाला, आत्या. फोनचा चार्जिंग—"

"पंचर झाला तर कुनाच्या फोनवरनं सांगायचं! एवढ्या बाया हुत्या, एकीपाशी बी फोन न्हवता? अक्कल हाय का न्हाई? उद्यापासनं पाय ठेवायचा न्हाई टेम्पोत, सांगून ठेवते!"

"आणि कामाला कशी जाणार मग?" सूनही चढ्या आवाजात म्हणाली. "चालत जाऊ?"

"उलटून बोलती वर! ऐकलं का वो, उलटून बोलती!"

राजेश्वरी पुढं होऊन काही म्हणणार, तोच बनुबाईनं तिचा दंड धरला.

"चला ग आपापल्या घरला," ती बाकीच्यांना म्हणाली. "सासू-सुनांचं चाललंय त्यांचं. आपलं काय काम हाय तितं?"

बाया विळे, डबे सावरत अंधारात पांगल्या. वस्तीच्या वाटेनं सून पुढं, मनकर्णा मागं, आणि तिचं बोलणं काही थांबत नव्हतं.